लाल आलवण

दिवाळीत नात पुण्याहून आली होती. भाऊबीज झाली, फराळाचे डबे तळाला गेले, आणि मुक्ताईनगरात कॉलेजच्या मुलीने संध्याकाळी करावे तरी काय, म्हणून तिने टीव्हीवर एक इंग्रजी मालिका लावली. मी शेजारी पेपर वाचत बसलो होतो. सहज मान वर केली तर पडद्यावर बायकांची रांग. अंगात पायघोळ लाल झगे, डोक्यावर चेहरा झाकणाऱ्या पांढऱ्या टोप्या, माना खाली. दोघी-दोघींची जोडी करून नदीकाठाने चाललेल्या. कुणी कुणाशी मोकळे बोलत नाही.

"अगं, ही तर आमची आत्याबाई!" मी बोलून गेलो.

नात हसली. "आबा, ही पुढे कधीतरी घडणारी गोष्ट आहे. आणि तीही अमेरिकेतली."

त्या रात्री मी तिच्याबरोबर दोन भाग पाहिले. ती गेल्यावर उरलेले पाहिले. सहा मालिका म्हणजे काही थोडेथोडके नव्हे. पण निवृत्त माणसाकडे वेळ असतो, आणि आत्याबाई डोक्यातून जात नव्हती.

'द हँडमेड्स टेल' ही कॅनडाच्या लेखिका मार्गारेट अ‍ॅटवूड यांची १९८५ सालची कादंबरी. तिच्यावरची मालिका एप्रिल २०१७ मध्ये सुरू झाली आणि मे २०२५ मध्ये संपली. गोष्ट अशी: मुले जन्माला येणे जवळजवळ थांबले आहे. धर्माचे नाव घेऊन एक गट अमेरिकेत सत्ता बळकावतो आणि गिलियड नावाचे राज्य स्थापन करतो. ज्या बायकांना मूल होऊ शकते त्यांना पकडून बड्या अधिकाऱ्यांच्या घरी वाटून दिले जाते. त्यांनी मूल द्यायचे आणि पुढच्या घरी जायचे. त्या या लाल झग्यातल्या. अधिकाऱ्यांच्या बायकांचा रंग वेगळा, स्वयंपाकिणींचा वेगळा. वाचायला सगळ्यांनाच बंदी. एक अधिकाऱ्याची बायको भर सभेत बायबल वाचते, तर तिचे बोट छाटले जाते. आणि ही बाई हे राज्य आणण्यात स्वतः पुढे होती, हे विशेष.

पाहताना कित्येकदा वाटते, हे जरा अती होते आहे. पण अ‍ॅटवूडबाईंनी लिहिताना स्वतःला एक अट घालून घेतली होती. माणसांनी इतिहासात कुठे ना कुठे जे केलेले नाही, असे काहीही कादंबरीत येऊ द्यायचे नाही. ही अट वाचली, आणि आपण नातीसमोर बोललो ते वेडेपणाचे नव्हते याची खात्री पटली.

आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. आठव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य. सासर तिने नीट पाहिलेही नव्हते. माहेरी परत आली ती आमच्या घरच्या माजघरामागच्या खोलीत, आणि तिथेच म्हातारी झाली. मी पाहिली तेव्हा ती सत्तरीपुढची होती. डोक्यावरून घेतलेले लाल आलवण, हातात काही नाही, गळ्यात काही नाही. आजच्या वाचकांना आलवण म्हणजे काय हे सांगावे लागेल. केशवपन केलेल्या, म्हणजे सोवळ्या झालेल्या विधवेने नेसायचे ते जाडेभरडे लुगडे. बहुधा लाल, क्वचित पांढरे. ज्या जातींत ही चाल होती तिथे एखाद्या पोरीच्या अंगावर एकदा आलवण चढले की ते मरेपर्यंत उतरत नसे. जेवण एकवेळ. घरातले कुणी शुभकार्याला निघाले की ती आपणहून आत जाऊन बसे. चुकून समोर आली तर माणसे घटकाभर थांबून मग निघत. लग्नाचे लाडू मात्र तिच्याच हातचे लागत. ते वळायला ती पुढे आणि अक्षता पडताना मागच्या खोलीत.

दर पंधरवड्याला मागीलदारी न्हावी येई. आम्हा पोरांना तेवढ्यापुरते पुढच्या अंगणात हाकलले जाई. हाकलणारी, न्हाव्याला निरोप धाडणारी, दिवस मोजणारी आमची आजी. आजी दुष्ट नव्हती. दारात आलेल्या माणसाला ती कधी उपाशी पाठवत नसे, आणि आलवण विटले की नवे आणायची आठवणही तीच ठेवी.

१९६९ साली आत्याबाई गेली. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करायला काका गेले आणि तसेच परत आले. नाव काय लिहायचे? घरात तिला लहान-थोर सगळे आत्याबाईच म्हणत. तिच्या वयाचे कुणी उरले नव्हते. शेवटी जुन्या ट्रंकेत एक जन्मपत्रिका सापडली. काकांनी नाव मोठ्याने वाचले. ते घरातल्या कुणालाच ओळखीचे वाटले नाही.

मालिकेतल्या बायकांनाही त्यांचे नाव ठेवू देत नाहीत. ज्या अधिकाऱ्याच्या घरी बाई असेल त्याचे नाव तिला चिकटते. फ्रेडच्या घरची ती 'ऑफफ्रेड', 'फ्रेडची'. घर बदलले की नावही बदलते. नायिका जून मनात स्वतःचे नाव घेत राहते, कारण बाहेर ते उच्चारायला कुणी नाही. हे मी सौभाग्यवतींना मोठ्या कौतुकाने समजावून सांगत होतो. त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नाव कोणी लिहिलं होतं? मला विचारलं होतं का?" चव्वेचाळीस वर्षांनी आलेला प्रश्न. विचारले नव्हते. लग्नाच्या आदल्या रात्री बहिणींनी चार नावे काढली, त्यातले मला आवडले ते लिहिले. गाडीत बसेपर्यंत तिला ते हाक म्हणून कळतही नव्हते. आम्ही कादंबऱ्या लिहिणारे लोक पात्राचे नाव ठरवायला महिना घालवतो, आणि बायकोचे एका रात्रीत ठरवले. असो.

आमच्या गावाजवळ चांगदेव येथे पूर्णा तापीला मिळते. हातनूर धरणाचे पाणी आता संगमावर पसरलेले असते. हे गाव मुक्ताईचे. तापीकाठी ती विजेत लुप्त झाली ही इथल्या माणसाची श्रद्धा, आणि चौदाशे वर्षांचा म्हणवणारा योगी चांगदेव या पोरीपुढे वाकला ही इथली आवडती कथा. रागावून खोपीचे दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांना ताटी उघडायला लावणारी बहीण ती हीच. दर आषाढीला तिची पालखी इथून पंढरीला निघते तेव्हा वेशीपर्यंत आम्ही सगळे जातो. पण संगमावर उभे राहिले की मला अलीकडे दुसरीच एक गोष्ट आठवते.

तापी इथून पश्चिमेला वाहत जाते ती सुरतेपाशी समुद्राला मिळते. त्या सुरतेत १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. विधवेला दिवस गेले. अब्रूच्या भीतीने तिने जन्मलेल्या मुलाला मारले. न्यायालयाने फाशी सांगितली. पुढे ती शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांतून एकच ओरड उठली की बायका बिघडल्या, विधवांना आवरा. त्या मुलाला बाप होता की नव्हता, याची चौकशी फारशी कुणी केली नाही.

या ओरडीला उत्तर आले ते आमच्या शेजारून. ज्या जिल्ह्यातून पूर्णा आमच्याकडे येते त्या बुलढाण्याहून. ताराबाई शिंदे तिथल्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक विचारांचे. ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे छोटे पुस्तक पुण्यात छापून घेतले. आज वाचतानाही त्यातला सपकारा अंगाला लागतो. त्यांचा सवाल साधा होता: जे दोष तुम्ही बाईला लावता ते तुमच्यात नाहीत का? विधवेने जन्मभर कोंडून राहायचे आणि विधुराने तेराव्याच्या आत नवी सोयरीक बघायची, हा धर्म कोणी लिहिला? फाशीची शिक्षा ऐकलेल्या एका अनोळखी बाईसाठी दुसऱ्या गावची बाई हातात लेखणी घेते, आणि तीही आपल्या भागातली, ही गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली नाही. जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. त्यांनी स्वतः १८६३ सालीच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. विधवांनी यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल मारू नये म्हणून. तिथेच जन्मलेला एका विधवेचा मुलगा त्यांनी आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. इतरांनी मात्र ताराबाईंवर टीकाच केली, आणि त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही. पहिले विस्मरणात गेले ते थेट १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून आणेपर्यंत. मधली नव्वदेक वर्षे ते होते कुठे?

अ‍ॅटवूडबाईंच्या कादंबरीच्या शेवटी अगदी हेच आहे. गिलियड केव्हाच बुडालेले आहे. त्या बाईने आवाजात भरून ठेवलेल्या टेपा दोनेकशे वर्षांनी एका पेटीत सापडतात आणि विद्वान मंडळी परिषदेत त्यावर निबंध वाचतात, मध्ये विनोदही करतात. तिचे पुढे काय झाले हे त्यांना ठाऊक नसते. लेखिकेने हे लिहिले तेव्हा तिला बुलढाणा माहीत असण्याचे कारण नाही.

मालिकेतली सर्वांत भयंकर व्यक्ती मला विचाराल तर अधिकारी नव्हे, लिडिया. नव्या बायकांना वळण लावणाऱ्या ज्या बायका तिथे आहेत त्यांना 'आंटी' म्हणतात. गुरांना टोचायची विजेची काठी तिच्या हाती असते, आणि तिला मनापासून वाटते की आपण या पोरींचे भले करतो आहोत. लिडियाला पाहताना मला आमची आजी दिसू लागली आणि मी टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. जुलूम करायला राक्षस लागतात अशी आपली समजूत असते. आमच्या मागीलदारी एक न्हावी, एक आजी आणि पुढच्या अंगणात गप्प बसणारे पुरुष एवढ्यावर काम भागत होते.

म्हणून मला १८९० सालची ती सभा फार मोठी वाटते. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिक मंडळी जमली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे त्यांनी ठरवले. शास्त्रार्थाचे त्यांना काय पडले होते? शास्त्री दोन्ही बाजूंनी ग्रंथ उघडून बसलेले होते. या माणसांनी नुसता वस्तरा खाली ठेवला. पोट ज्याच्यावर चालते ते हत्यार खाली ठेवणे सोपे नसते. त्याच वर्षी हरी नारायण आपट्यांनी 'करमणूक' सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. यमूच्या केशवपनाचा प्रसंग वाचून मी शाळकरी वयात रडलो होतो. आणि ज्या घरात बसून रडलो त्या घरात ते डोळ्यांसमोर घडत आलेले होते. पुढे पार्वतीबाई आठवले यांच्यासारख्या, स्वतः सोवळ्या झालेल्या बाईने हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागितली आणि अखेरीस स्वतःचे केसही राखले. मुंबईतले ते वस्तरे खाली ठेवले गेले तरी आमच्या मागीलदारचा वस्तरा १९६९ पर्यंत चालू होता, हेही लिहून ठेवले पाहिजे.

आता आलवण नाही. पण मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला ठराव करावा लागला की नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही. सरकारने इतर गावांनाही तोच कित्ता गिरवायला सांगितले. ठराव चांगलाच आहे. तो २०२२ साली करावा लागला, एवढेच.

आणि मूल. गिलियडमध्ये मुले होत नाहीत म्हणून बायकांना कैद करतात. आपल्याकडे गर्भ राहतात. त्यातले कोणते ठेवायचे हे घर ठरवते. २०११ च्या जनगणनेत आमच्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली निघाल्या. शेजारच्या, ताराबाईंच्या बुलढाण्यात ८५५. बीडमध्ये ८०७. गर्भलिंग चाचणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राचा, १९८८ चा. केंद्राचा १९९४ चा. कायदा होता, सोनोग्राफीचे यंत्र होते आणि दोहोंच्या मध्ये डॉक्टर, नवरा, सासू अशी सगळी आपली चांगली माणसे होती. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून लग्नाळू तरुणांचा मोर्चा कलेक्टर कचेरीवर गेला. आम्हाला मुली मिळत नाहीत, हा कायदा नीट अमलात आणा, अशी मागणी करत. वर्तमानपत्रांत फोटो पाहून लोक हसले. मला हसू आले नाही. त्याच बीडमधल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांनी कामाचे दिवस बुडू नयेत म्हणून गर्भाशये काढून घेतल्याच्या बातम्या २०१९ साली आल्या आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिथे झगा नव्हता, शिपाई नव्हता. कोयत्याची उचल होती आणि खाडा केला की होणारा दंड.

परदेशात तो लाल झगा पुढे निषेधाचा पोशाख झाला. २०१७ मध्ये टेक्ससच्या विधानभवनात, पुढच्या वर्षी अर्जेंटिनात, बायका तो घालून गर्भपाताच्या कायद्यांसाठी रांगेने गप्प बसल्या. नातीने फोनवर मला ते फोटो दाखवले. आलवण नेसून निषेधाला कुणी बसल्याचे मला तरी आठवत नाही.

पण मला सर्वांत झोंबलेला प्रसंग रक्ताचा किंवा मारहाणीचा नाही. जन्मभर बँकेत नोकरी केलेल्या माणसाला तो झोंबणारच. गिलियडच्या अगदी सुरुवातीला, अजून सगळे सुरळीत दिसत असताना, जून दुकानात कॉफी घेते आणि तिचे कार्ड चालत नाही. खात्यात पैसे आहेत, पण चालत नाही. दुपारी कचेरीतल्या सगळ्या बायकांना घरी पाठवतात. संध्याकाळी कळते की बायकांची सगळी खाती एका दिवसात गोठवली. पैसे आता नवऱ्याच्या नाहीतर जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या हाती. जूनचा नवरा भला माणूस आहे. तो म्हणतो, काळजी करू नकोस, मी आहे ना.

ते पाहताना नातीने विचारले, "आबा, असं एका दिवसात करता येतं का हो बँकेला?"

मी तिला सांगितले ते इथे सांगतो. १९८६ च्या सुमाराला खानदेशातल्याच एका तालुक्याच्या गावी मी शाखेत अधिकारी होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका बाईंचा पगार आमच्याकडे जमा होई. दर महिन्याला त्यांचे यजमान पासबुक आणि सही केलेली पैसे काढायची स्लिप घेऊन येत आणि पगार उचलून नेत. नियम असा की स्लिपवर पैसे फक्त खातेदाराला, ती समक्ष आली तरच द्यायचे. दुसऱ्या माणसाला द्यायचे तर चेक हवा. पण यजमान गावातले वजनदार. मार्चअखेर ठेवींचा आकडा कमी पडला की तेच चार पावत्या करून देत. माझ्या टेबलाशी चहा घेत. मी स्लिपवर सही करत असे, कॅशियर पैसे देत असे.

एक दिवस बाई एकट्या आल्या. अर्ध्या दिवसाची रजा टाकून. म्हणाल्या, "साहेब, माझ्याशिवाय कुणाला पैसे देत जाऊ नका." नियमाने त्यांना हे सांगायचीही गरज नव्हती. मी म्हणालो, "बाई, घरातल्या गोष्टी घरातच मिटवलेल्या बऱ्या." त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात यजमान आले, पैसे घेऊन गेले.

त्यानंतर महिन्याअखेरीस बाई पुन्हा आल्या. नमुना सही बदलायची आहे, म्हणाल्या. कारण विचारले तर, "जुनी आता जमत नाही." जुनी सही लांबलचक होती, स्वतःचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव. कार्डावर त्यांनी नवी केली ती फक्त स्वतःच्या नावाची, खाली एक रेघ. मी जुनी सही पडताळून नवी साक्षांकित केली. उठताना त्यांनी विचारले, "जुन्या सहीच्या स्लिपा आता चालणार नाहीत ना?"

"नाही," मी म्हणालो. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले.

एक तारखेला यजमान आले. क्लार्कने स्लिप माझ्याकडे आणली. मी कार्ड काढले, दोन्ही सह्या शेजारी धरल्या आणि लाल शाईने शेरा मारला: सही जुळत नाही. यजमान म्हणाले, "साहेब, तिचीच सही आहे, तुम्हाला माहीत आहे." मी म्हणालो, "कार्डावर ही नाही." त्यांनी खिशातून आणखी चार-पाच स्लिपा काढल्या. सगळ्यांवर सही होती, रकमेची जागा कोरी. एकेक पाहत ते बराच वेळ काउंटरशी उभे होते.

नात गंभीर झाली होती. म्हणाली, "आणि आबा, त्याआधीचे पैसे?"

दोन वर्षांचा पगार. त्या प्रत्येक स्लिपवर 'पैसे द्या' म्हणून सही माझी होती.